एसीत बसून लिहिलेला निबंध? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. पोरांना शाळेत चालत किंवा सायकलने सुरक्षित जाता यावं म्हणून मिळणाऱ्या अनुदानावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, त्याखाली काल रात्री तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथंच दोन ओळी लिहून सोडून देणार होतो, पण लिहायला बसलो आणि वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझे आकडे अर्धवट आहेत, अनुदानातून रस्ता ओलांडायचे पट्टे रंगवतात आणि वर्षभरात रंग उडाला की बघायला कोणी नसतं, आणि बहुतेक मुलं लांबून येतात त्यांना चालत जा म्हणून काय उपयोग. इथपर्यंत ठीक. पण मग शेवटी लिहिलंत, "अनुदान म्हणजे फुकटचा पैसा, त्यावर एसीत बसून निबंध लिहिणं सोपं असतं."

आकड्यांचं मान्य. अमेरिकेत १९६९ मध्ये ४८ टक्के मुलं चालत किंवा सायकलने शाळेत जायची आणि २००९ मध्ये ती १३ टक्क्यांवर आली, हे आकडे आठवीपर्यंतच्या मुलांचे आहेत आणि मी नुसतं "शाळकरी मुलं" असं मोघम लिहिलं. चूक माझी, लेखात दुरुस्त केलीये. दाखवून दिलंत, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही तर नावही लावलेलं नाही, मग मी कुठं बसून लिहितो हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी पाचवीत होतो आणि धाकटा भाऊ तिसरीत. दोघं चालतच जायचो. शाळेच्या अलीकडच्या वळणावर अगदी कोपऱ्याला धरून एक ट्रक रोज उभा असायचा, रस्ता ओलांडायचा तर त्याच्या तोंडापुढून दोन पावलं रस्त्यावर जाऊनच बघावं लागायचं की पलीकडून काही येतंय का. भाऊ ती दोन पावलं गेला. गाडीवाला काही फार जोरात नव्हता हो, त्याला भाऊ दिसलाच नाही, कारण तिसरीतलं पोर ट्रकच्या बोनेटपेक्षा बुटकं असतं. चार महिने पाय प्लास्टरमध्ये होता, आणि आज चाळिशी आली तरी त्याला नीट मांडी घालून बसता येत नाही. पंगतीला तो अजून पाय लांब करून बसतो, आणि मी दर वेळी दुसरीकडे बघतो.

म्हणून मी या विषयावर लिहितो.

आणि "फुकटचा पैसा" म्हणालात ना, त्याबद्दलही ऐका. माझी मुलगी ज्या शाळेत आहे तिथं आम्ही तीन पालकांनी पाच दिवस सकाळी गेटसमोर वही घेऊन उभं राहून मोजलं, किती मुलं चालत येतात, किती सायकलवर, त्यातली किती फुटपाथवर गाड्या लावल्यात म्हणून रस्त्यावर उतरतात. एक दिवस पाऊस होता, वहीची पानं चिकटली, ती घरी इस्त्रीखाली वाळवली. मग अर्ज केला. पहिल्या वर्षी परत आला, कारण रस्ता एका खात्याचा आणि फुटपाथ दुसऱ्याचा, आणि त्या दुसऱ्या खात्याची सही नव्हती. एका सहीसाठी अख्खं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मंजूर झालं तर कळलं की पैसे आधी मिळतच नाहीत, काम करायचं, बिलं जोडायची, मग रक्कम परत येते. अमेरिकेतल्या ज्या योजनेबद्दल मी लिहिलं तिथंही असंच आहे, आधी खर्च आणि मागून भरपाई, आणि लहान गावं तिथंच अडकतात कारण आधी घालायला पैसाच नसतो. याला फुकट म्हणायचं असेल तर म्हणा.

त्या पैशातून आम्ही काय केलं तर कोपऱ्यावरचा फुटपाथ रस्त्यात थोडा पुढं काढून घेतला. एवढंच. पण आता तिथं गाडी उभीच करता येत नाही, पोर उभं राहतं ते गाडीवाल्याच्या नजरेसमोर, ओलांडायचं अंतर कमी झालं आणि वळणारी गाडी आपोआप हळू होते. सिमेंटचं काम आहे ते, त्याचा रंग उडत नाही.

रंगाचंच म्हणाल तर उडतो, कोण नाही म्हणतंय. देखभालीला बहुतेक अनुदानांत पैसे नसतात हेही खरं, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. आणि सगळं अनुदान म्हणजे पट्टे हे तुमचं तुम्हीच ठरवलंत. अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यात या योजनेला पाच वर्षांसाठी ६१.२ कोटी डॉलर ठेवले होते, आणि त्यातच लिहिलं होतं की प्रत्येक राज्यानं १० ते ३० टक्के रक्कम बांधकाम सोडून इतर गोष्टींवर घालायची, म्हणजे मुलांना शिकवणं, पालकांना तयार करणं, शाळेजवळ वेगावर लक्ष ठेवणं. गावानं स्वतःच्या खिशातून घालायचा हिस्साही मागत नव्हते. २०१२ मध्ये ती योजना दुसऱ्या मोठ्या योजनेत मिसळली, राखीव रक्कम गेली, साधारण २० टक्के हिस्सा घालायची वेळ आली. हे सगळं लेखात होतं. वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

उपयोग होतो का, तर २०१३ मध्ये न्यूयॉर्क शहराचा अभ्यास आला, ज्या भागांत ही कामं झाली तिथं शाळेच्या ये-जा वेळात पायी चालणाऱ्या शाळकरी मुलांना होणाऱ्या इजा ४४ टक्क्यांनी कमी झाल्या, बाकीच्या भागांत जवळजवळ तेवढ्याच राहिल्या. आणि हे खूळ अमेरिकेचंही नाही, डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात १९७० च्या दशकात सुरू झालं, तिथं आधी धोक्याच्या जागा शोधल्या आणि मग एकेक जागा सुधारली.

राहिला लांबच्या मुलांचा प्रश्न. त्यांना बस लागते, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन. मी जवळ राहणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं, जी पाच मिनिटांवर राहतात आणि तरी आईबाप गाडीवर सोडतात, कारण त्यांना कोपऱ्याची भीती वाटते. आणि त्यांच्याच गाड्या मग गेटसमोर गर्दी करतात.

थोडं जोरात लिहिलं गेलं असेल. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही आणि उडवणारही नाही, आकड्यांची चूक तुम्हीच दाखवलीत तेही तिथं दिसत राहील. फक्त ते शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःहून काढलंत तर बरं वाटेल, माझा भाऊही हा ब्लॉग वाचतो.