खुलासा : ग्रीक घरातला ‘अखंड’ अग्नी

‘प्राचीन ग्रीसमध्ये प्रत्येक घराच्या मधोमध दगडी चूल, तिच्यापाशी चुलीची देवी हेस्तिया हिची मूर्ती आणि कधीही न विझणारा अग्नी असे,’ हा मजकूर सध्या फिरतो आहे. तो बराचसा चुकीचा आहे.

इ.स.पू. 348 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या ऑलिंथस या ग्रीक शहराच्या उत्खननात शंभराहून जास्त घरे सापडली. कायमची बांधलेली चूल त्यांतल्या थोड्याच घरांत आहे. बाकीच्यांचे काम हलवता येणाऱ्या शेगडीवर चाले. घरात मूर्तीची गरज नव्हती, कारण चूल हेच हेस्तियाचे स्थान. नवी वधू किंवा नवा गुलाम घरात आला की चुलीपाशी त्याच्यावर सुके अंजीर, सुकामेवा उधळत.

अखंड अग्नीचा मान मुख्यतः नगराच्या प्रिटानेयनमधल्या (नगराच्या कारभाराच्या इमारतीतल्या) सार्वजनिक चुलीला होता. घरचा अग्नी विझे, आणि कधी मुद्दाम विझवतही. अर्गोस या नगरात घरातल्या मृत्यूनंतर तो अशुद्ध मानून विझवत आणि दुसऱ्या घरातून नवा आणत.

शिवाय घरची पूजा चुलीपुरती नव्हतीच, आणि हेच या मजकुरातून पूर्ण सुटले आहे. अंगणात झ्यूस हेर्केओसची, म्हणजे आवाराचा रक्षक या रूपातल्या झ्यूस देवाची, वेदी असे. कोठारात झ्यूस क्टेसिओससाठी, म्हणजे घरच्या मालमत्तेचा रक्षक या रूपातल्या झ्यूससाठी, झाकणाचे नवे भांडे ठेवत: भांड्याच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळायची, आत शुद्ध पाणी, ऑलिव्ह तेल आणि नाना फळे घालायची.