आत टाकल्यावर पुढे काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाविरुद्धचं कलम, निघालं की तट ठरलेले. काका म्हणतात, सुना खोट्या केसेस घालतात. मावशी म्हणते, एकदा लॉकअपची हवा खाल्ल्याशिवाय हे नवरे सुधारत नाहीत. २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरसकट अटक करू नका असं पोलिसांना बजावलं. काका तेव्हापासून तोच निकाल नाचवतात. आता न्याय संहितेत कलम ८५ झालंय, भांडण तेच.

मी राहते अमेरिकेत, मिनियापोलिसला. मावशीच्या वाक्याची परीक्षा याच शहरात झाली. १९८१-८२ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या संशोधकांनी इथल्या पोलिसांना तीन रंगांच्या फॉर्मची पॅडं दिली. मारहाणीच्या तक्रारीवर गेलं की वरच्या फॉर्मचा रंग सांगेल ते करायचं: अटक, समजूत, किंवा मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर. पुढच्या सहा महिन्यांत, पोलिसांच्या नोंदींनुसार, अटक झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा हात उचलला. समजूत घातलेल्यांपैकी १९, बाहेर काढलेल्यांपैकी २४. मावशी जिंकली! अनेक राज्यांनी अटकेचे कायदेही केले.

मग इथून पाचेक तासांवरच्या मिलवॉकीत तसाच प्रयोग झाला आणि सगळं उलटंपालटं. नोकरीवाला अटकेने वचकला, बेकार उलट जास्त पिसाळला. तेवीस वर्षांनी शर्मननी त्याच बायकांचा माग काढला. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ताकीद देऊन सोडलेल्यांच्या बायकांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त निघालं. कृष्णवर्णीय बायकांत जवळजवळ दुप्पट. खून फारसे नाहीत, बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या आजारांनी.

हा आकडा वाचल्यापासून मला ग्रुपवरचं भांडण ऐकवत नाही. काका नवऱ्याबद्दल बोलतात आणि, खरं सांगायचं तर, मावशीसुद्धा नवऱ्याबद्दलच. त्याला नेल्यावर घरात मागे राहिलेल्या बाईचं काय, हे कुणी विचारत नाही. अटक नकोच असं मी म्हणत नाही. पण गाडी निघून गेली की आपली जबाबदारी संपली, हे मला पटत नाही.

मागे एका मराठी मुलीने रात्री दीडला ९११ ऐवजी मला फोन लावला. ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याची नोकरी गेली की तिचाही मुक्काम हलणार. पोलिसांना बोलावू का विचारलं, तर म्हणाली, "ताई, त्याला नेतील. मग मी बाळाला घेऊन कुठे जाऊ?"

मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तिला आपल्याकडे ठेवून घ्यायचंस."

ठेवून घेतलं होतं. अकरा दिवस.