टायर पाहावा निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणणाऱ्यावर माउंटन बाइकचा टायर निवडायची वेळ आलेली नसावी. घर-लग्नाच्या सल्लागारांचं निदान ‘घाई करू नका’ यावर तरी एकमत असतं. टायरच्या बाबतीत दोघे भेटले की तीन मतं निघतात, आणि तिन्ही नक्षीबद्दल, म्हणजे टायरवरच्या रबरी खुंट्यांच्या मांडणीबद्दल. नक्षी ही टायरमधली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे, असं मी म्हटलं की माणसं दुखावतात.

आधी नाव तर वाचून होऊ द्या. ‘मॅक्सिस मिनियन डीएचएफ, 29 बाय 2.50 डब्ल्यूटी, थ्री-सी मॅक्सग्रिप, डबलडाउन, टीआर.’ दरबारातल्या ललकारीसारखं, मानकरी एक आणि बिरुदं ढीगभर. पण यातलं एकही बिरुद फुकटचं नाही. 29 इंची टायरचा बीड, म्हणजे रिममध्ये अडकणारी कडा, बसते तिथला व्यास 622 मिलिमीटर, 27.5 चा 584. 2.50 ही टायरची रुंदी, इंचांत. ‘ताणून बसवू’ हा आशावाद इथे कामाचा नाही. डब्ल्यूटी म्हणजे आतून 30 ते 35 मिलिमीटर रुंद रिमसाठी बेतलेला. अरुंद रिमवर चढवलात तर टायर वरून जास्तच गोल होतो, बाजूचे नॉब, म्हणजे रबरी खुंट्या, जमिनीपासून लांब जातात आणि वळणावर हवेला घट्ट धरून ठेवतात. टीआर म्हणजे ट्यूबलेस. थ्री-सी म्हणजे तीन प्रकारचं रबर एकत्र, आणि त्यातलं मॅक्सग्रिप मऊ, दगडाला चिकटणारं, आणि उतारावर दिलेल्या पकडीची वसुली चढावर मांड्यांकडून करणारं. श्वाल्बे या दुसऱ्या टायर कंपनीने हेच रंगांत सांगितलंय: निळी रेघ स्पीडग्रिप, केशरी सॉफ्ट, जांभळी अल्ट्रा सॉफ्ट.

राहिलं डबलडाउन, म्हणजे केसिंग, टायरचं रबराखालचं कापडी अंग. माझ्या मते निवड इथूनच सुरू व्हावी. मॅक्सिसच्या एक्सो केसिंगमध्ये एकच पदर, बाजूला काप लागू नये म्हणून जादा कापड. साध्या ट्रेलला, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेला, पुरतो. डबलडाउनमध्ये दोन पदर, आणि डीएच, म्हणजे डाउनहिल केसिंगमध्ये जाड धाग्यांचे दोन पदर. 29 बाय 2.5 चा एक्सो साधारण किलोभर, डीएच सव्वा किलोच्या पुढे. हा आकडा ऐकून लोक पातळ टायर घेतात. मग दगडांच्या उतारावर रिम आणि दगड यांच्या भांडणात टायर मध्यस्थी करतो आणि मध्यस्थांचं नेहमी जे होतं तेच त्याचं होतं. लहान भोक सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेला द्रव, बुजवतो. साइडवॉल चिरली तर तो फक्त पायांवर उडतो. यावर लोकप्रिय इलाज म्हणजे हवा 30 पीएसआयवर नेणं. टायर वाचतो, पण प्रत्येक खड्यावर उडतो आणि मऊ रबराला जमिनीशी बोलायची संधीच मिळत नाही. जाड केसिंग वजनासकट घ्यायचं ते कमी हवेत टायर वळणावर दुमडू नये म्हणून. 75 किलोच्या माणसाने ट्रेलला पुढे 22, मागे 25 पासून सुरुवात करावी आणि एकेका पीएसआयने बदलावं. 160 पर्यंतच्या तबकडीच्या पंपावर 22 आणि 25 यांच्यात काट्याच्या जाडीइतकंच अंतर असतं, म्हणून कमी दाबाचा डिजिटल गेज वेगळा ठेवा.

दोन्ही चाकांना एकच टायर हा हट्टही सोडावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, बघणाऱ्याला ते मुद्दाम केल्यासारखंही वाटतं. पुढचं घसरलं की आपण आधी खाली पोचतो, कारण नंतर कळतं. म्हणून पुढे मऊ आणि पकडीचा, मॅक्सिसच्या असेगाय किंवा श्वाल्बेच्या मॅजिक मेरीसारखा. मागे थोडा कडक रबराचा, पण केसिंग एक पायरी जाड, कारण दगडांचा मार तिथेच जास्त बसतो.

आता नक्षी. डीएचएफमध्ये मधले आणि बाजूचे नॉब यांच्यात मोकळी जागा आहे. सायकल नीट कलवली तरच बाजूचे नॉब कामाला लागतात. घाबरत अर्धवट कलवणारा त्या मोकळ्या जागेवरच अडकतो. असेगायमध्ये तिथेही नॉब दिलेत, त्यामुळे भित्र्यांची सोय होते. चिखलाचे उंच, विरळ नॉब कोरड्या दगडावर वाकतात. झाली नक्षी.

चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा. बीड रिमच्या मधल्या खोबणीत दाबत गेलात तर शेवटची वीतभर बाजू हातानेही जाते. तरीही लोखंडी लिव्हरने रिमवर ओरखडे काढणारे काढतातच. व्हॉल्व्हचा कोर, म्हणजे आतला फिरवून निघणारा भाग, काढा, कडेला साबणाचं पाणी लावा, एकदम भरपूर हवा भरा. ‘फट्’ असे आवाज आले म्हणजे बीड बसला. रिमवर आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबापलीकडे जाऊ नका. त्यानंतरचा आवाज वेगळा असतो. मग हवा सोडून कोरच्या वाटेनेच 100 ते 120 मिलिलिटर सीलंट ओता.

साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो सगळ्यात आधी बघायचा. बहुतेकांना तो सीलंट ओतून, हवा भरून, हात धुऊन झाल्यावर दिसतो, आणि तोही उलटा.