पट्टी कोणाची?

ताई-भावोजींच्या संगीतवर्गात वाद पेटलाय. वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत एका मुलीच्या नावापुढे 'महिला तबलावादक' छापायचं की नुसतं 'तबला'? फोनवर ताई म्हणाली, "तुमच्या व्हिएन्नात बरंय, असले प्रश्नच नाहीत."

मला हसू आलं. इथला फिलहार्मोनिक वाद्यवृंद १८४२चा. स्त्रियांना त्याने सभासद करून घेतलं ते १९९७ साली. आना लेल्केस त्याआधी वीसहून जास्त वर्षं तिथे हार्प हे मोठं तंतुवाद्य वाजवत होत्या, पण सभासद म्हणून नव्हे. तोवर आपल्याकडे आबान मिस्त्री या तबलावादिकेचं एकल वादन रसिकांच्या सवयीचं झालं होतं. आणि परवाचीच गोष्ट: माझ्या मुलीने ट्रॉम्बोन, म्हणजे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, मागितला, तर शिकवणारे म्हणाले, "हात लहान आहेत, आधी बासरी करून बघ." तिच्याच उंचीच्या मुलाला तो लगेच मिळाला.

अमेरिकेतले बरेच वाद्यवृंद १९७०च्या दशकापासून, वादक बाई की पुरुष हे कळू नये म्हणून, पडद्याआडून वादन ऐकून निवड करू लागले. टाचांचा आवाज येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरतात. युक्ती चोख, पण लहानपणी कोणाच्या हातात कोणतं वाद्य दिलं, त्यावर तिचा इलाज चालत नाही. शिवाय आपल्याकडे साथीदार ठरतो गायकाच्या एका फोनवर. तिथे पडदा लावणार कुठे?

मला पत्रिकेपेक्षा वर्गातली पट्टी, म्हणजे 'सा' कोणत्या उंचीवर धरायचा ते, जास्त खुपते. भावोजी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरून गातात, म्हणून मुलीही काळी एकमध्ये. खर्जात आवाज विरून जातो, मग 'जोर नाही' असा शेरा. मी पाच वर्षं अशी शिकले आणि आपला गळाच बेताचा, असं धरून चालले. वरची काळी चार लावली त्या दिवशी स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला. पंडित जसराजांच्या 'जसरंगी' जुगलबंदीत पुरुषाचा मध्यम (म) हाच स्त्रीचा षड्ज (सा) होतो, दोघं आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात, तरी मैफल एकच राहते. वर्गात तर एवढंही कौशल्य नको. मुलींचा तास वेगळ्या पट्टीत घेतला की झालं. पण वर्गात तबला एकच, तोही काळी एकच्या सुरात लागणारा.

ताईला म्हटलं, नुसतं 'तबला' छाप, आणि काळी चारचा तबला मी घेऊन देते.

"तबल्याचं जमेल," ती म्हणाली, "पण पट्टीचं भावोजींना तूच सांग."