त्या गाडीवाल्या पोर्टफोलिओबद्दल आणखी थोडं

नमस्कार सर,

इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ब्रुनो सिमों या फ्रेंच डेव्हलपरच्या २०१९च्या पोर्टफोलिओचं, म्हणजे थ्रीडी दृश्यात छोटी गाडी चालवत त्याचं काम बघायच्या त्या साइटचं, मी कौतुक केलं, पण काम बघायला आलेल्या क्लायंटने खेळण्यातली गाडी पळवत का फिरावं? आणि असलं दाखवून मी नव्या मुलांना दिखाऊपणा शिकवतो आहे.

क्लायंटचं म्हणाल तर पटतं. घाईतल्या माणसाला फोन नंबर हवा असतो. शिवाय सगळं कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या एका चौकटीत, चित्र म्हणून उमटतं, त्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. दातांच्या दवाखान्याची साइट कुणी अशी केली तर मीही हात जोडेन. पण सिमोंचं कामच ब्राउझरमध्ये थ्रीडी करण्याचं, तेही थ्री.जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीने. 'मला थ्री.जेएस येतं' एवढं लिहून चार स्क्रीनशॉट लावले असते, तर कुणाला काय कळलं असतं?

दिखाऊपणाचं मात्र अजिबात पटलं नाही. त्या दृश्यात एकही दिवा नाही! खऱ्या प्रकाशाचा हिशेब दर फ्रेमला करायचा तर साधा लॅपटॉप धापा टाकतो, म्हणून त्याने मॅटकॅप वापरले. मॅटकॅप म्हणजे उजेड-सावली आधीच रंगवलेल्या गोळ्याचं एक चित्र. वस्तूचा पृष्ठभाग कॅमेऱ्याच्या हिशेबाने जिकडे वळलेला असेल, तिथला रंग त्या चित्रातून उचलायचा. स्थिर वस्तूंच्या सावल्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधीच काढून ठेवल्या. ती केशरी जमीन म्हणजे चार कोपऱ्यांचे चार रंग, बस्स; मधली सरमिसळ ग्राफिक्स कार्ड करतं. टकरींचं गणित कॅनन.जेएस या भौतिकशास्त्राच्या लायब्ररीकडे, तेही नक्षीदार आकारांवर नाही, साध्या ठोकळ्यांवर. पडून असलेली वस्तू धक्का लागेपर्यंत हिशेबातच नाही. मला तर यात पक्की काटकसर दिसते.

याचा सगळा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खुला आहे, म्हणून तर मुलांना तिकडे पाठवतो. नुसती गाडी उचलून स्वतःचं नाव चिकटवणारे भेटतात, तेव्हा मीही तुमच्याइतकाच वैतागतो. त्यांना मी गाडी काढून टाकायला सांगतो आणि तोच मॅटकॅप स्वतःच्या एखाद्या साध्या मॉडेलवर चढवायला लावतो. ज्याला ते जमतं, त्याला पुढे कुठल्याही पोर्टफोलिओत काय बघायचं हे सांगावं लागत नाही.

तुमच्या मोबाइलवर साइट अडखळली म्हणालात. फोनचं मॉडेल आणि ब्राउझर कळवाल का? बघतो.