‘एड्सची गोळी’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गणपतीच्या आठवडाभर आधी आमच्या वाडीच्या ग्रुपवर दोन गोष्टींचा पूर येतो. कोकण रेल्वेच्या वेटिंग लिस्टचे फोटो आणि आरोग्याचे सल्ले. यंदा त्यातला एक सल्ला मला मुंबईकर चाकरमान्यांकडून आला, गोव्यातल्या मेहुण्याकडून आला आणि शेवटी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही दिसला:

‘सावधान! एड्स होऊ नये म्हणून गोळी निघाली आहे. ही घेतली की निरोधाची गरज नाही. संबंध आल्यावर आठवडाभरात कधीही घेतली तरी चालते. पण हिने किडनी निकामी होते. चांगल्या घरातल्या माणसाला ही लागतच नाही. आणि मागायला गेलात तर सरकारदरबारी नाव लागतं. पुढे पाठवा.’

एकाच मेसेजात गोळी अमृतही आणि विषही! माझं सिंधुदुर्गात, बंदरालगत मेडिकलचं दुकान आहे. असले मेसेज मी एरवी सोडून देतो, काढ्यांशी भांडायला वेळ कुणाला आहे? पण ह्यातल्या ‘आठवडाभरात कधीही’ने माझ्या डोळ्यांदेखत एकाचं नुकसान केलं.

तिन्हीसांजेची वेळ. ट्रॉलरवरून नुकताच उतरलेला एक पोरगा, अंगाला डिझेलचा वास. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या दोन काकू जाईपर्यंत उगाच ओआरएसच्या पुड्या चाळत उभा राहिला. मग मोबाइल काचेवर ठेवून म्हणाला, “माका ही व्हयी.” समोर हाच मेसेज. कधी झालं विचारलं. “पाच दिस झाले.” मेसेजच्या हिशेबाने त्याच्या हातात अजून दोन दिवस होते. औषधाच्या हिशेबाने दोन दिवस उलटून गेले होते.

मेसेजमध्ये तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. एक असते आधीची गोळी. डॉक्टर तिला प्रेप म्हणतात; टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं एकाच गोळीत. एचआयव्ही नसलेल्या माणसाने, धोका येण्याआधीपासून घ्यायची. दुसरा नंतरचा कोर्स, पेप. निरोध फाटला, जबरदस्ती झाली, सुई टोचली, तर लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायचा आणि २८ दिवस न चुकता घ्यायचा. त्यात साधारण तीन औषधं असतात. ७२ तास ही शेवटची गाडी आहे, पहिल्या दिवशी सुरू केलेलं तिसऱ्या दिवसापेक्षा केव्हाही बरं. म्हणून रविवार आहे, गणपती आहेत असं म्हणत थांबायचं नाही. थेट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, जायचं. आणि तिसरे ते एचआयव्ही झालेल्या माणसाचे कायमचे उपचार, एआरटी. ते सरकार २००४ पासून मोफत देतं.

त्या पोराला मी प्रेपची बाटली दिली असती तरी मागच्या पाच दिवसांचं काही झालं नसतं. उलट लागण झालेली असती, तर दोनच औषधांच्या जोरावर विषाणू त्या औषधांना दाद न देणारा बनू शकतो. म्हणूनच प्रेपआधी एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह यावीच लागते, आणि गेल्या काही आठवड्यांत धोका झाला असेल व ताप, अंगावर पुरळ, गळ्याला गाठी असं काही असेल तर ते डॉक्टरला आधी सांगावं लागतं. नुकती लागण झालेली असताना साधी तपासणी चकवा देऊ शकते. त्याला मी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशनाच्या सरकारी केंद्रात पाठवलं: आज एक तपासणी, आणि विंडो पिरियड, म्हणजे लागण असूनही तपासणीत न दिसण्याचा काळ, संपल्यावर पुन्हा एक. निकाल मी विचारला नाही, त्यानेही सांगितला नाही.

आता निरोधाचं. सांगितल्याप्रमाणे घेतली तर ही गोळी शरीरसंबंधातून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी करते, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. मेसेजवाल्याने इथवरच वाचलं असावं. ‘सांगितल्याप्रमाणे’ म्हणजे रोज. शिवाय आज घेतली आणि आज संरक्षण मिळालं असं होत नाही. पुरुषांच्या गुदसंबंधासाठी साधारण सात दिवस, योनीसंबंधासाठी सीडीसीच्या हिशेबाने सुमारे २१ दिवस रोज घेतल्यावर ती पुरती कामाला लागते. पुरुषांमध्ये संबंध ठरवून आणि क्वचित येत असतील, तर आधी दोन आणि नंतर एक-एक अशी घेण्याचीही पद्धत आहे. पहिल्या दोन किमान दोन तास आधी पोटात जायला हव्यात. ती डॉक्टरला विचारून, आणि बायकांसाठी नव्हेच. गरमी, परमा, नको असलेलं गरोदरपण यांतलं काहीही ही गोळी अडवत नाही. ती कामं निरोधच करतो, आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

किडनीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो हसण्यावारी नेत नाही. टेनोफोविर किडनीवाटे बाहेर पडतं. सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिॲटिनिन बघतात, त्यावरून काढलेला किडनीचा आकडा ६० च्या खाली असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत. पुढेही मधूनमधून बघतात. वय वाढलेल्यांचं, मधुमेह-बीपीवाल्यांचं जास्त वेळा. काहींच्या किडनीचं काम थोडं मंदावतं आणि गोळी थांबवली की बहुधा पूर्ववत होतं. बहुतेकांना सुरुवातीचे काही आठवडे मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, एवढंच. गंमत म्हणजे हाच मेसेज पुढे पाठवणारे आमचे दोन तांडेल जाळी ओढून कंबर धरली की माझ्याकडे डायक्लोफिनॅक ही दुखीची गोळी चिठ्ठी न आणता मागतात आणि मी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात. किडनीची एवढी काळजी असेल तर आधी तिथून सुरुवात करा. प्रेप घेणाऱ्याने तर असली दुखीची गोळी रोज घेऊच नये, दोन्हींचा भार त्याच किडनीवर पडतो.

मेसेजात नाही ती एक तपासणी मात्र विसरू नका: हिपॅटायटिस बी. प्रेपमधली औषधं त्या विषाणूवरही चालतात. तो अंगात असताना गोळी घेतली आणि मनानेच बंद केली, तर कावीळ उसळू शकते.

‘चांगल्या घरातल्यांना लागत नाही.’ हे वाचून मला राग आला. नवऱ्याला एचआयव्ही निघाला आहे, औषधं नुकती सुरू झाली आहेत, अशी बाई चांगल्या घरातलीच असते. त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबेपर्यंत तिला ही गोळी लागू शकते. एकदा लोड दबला आणि दबलेला राहिला की शरीरसंबंधातून लागण होत नाही. मग तिला बहुधा गोळीचीही गरज उरत नाही. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आमच्याही गावात आहेत. शिमग्याला त्यांच्याच खांद्यावर पालखी असते. त्यांची लग्नंही झालेली असतात. धंदा करणाऱ्या बायका आहेत, सुईने नशा करणारे आहेत. या गोळीसाठी घर बघायचं नसतं, गेल्या सहा महिन्यांत काय घडलं ते बघायचं असतं. जोडीदाराची तपासणी झाली आहे का, माहीत आहे का? जोडीदार एकापेक्षा जास्त आहेत का? निरोध दर वेळी असतो का, की दारू घेतली की राहून जातो? गरमी-परम्यासारखं काही झालं होतं का? पेप घ्यायची वेळ पुन्हा आली का? यातल्या एखाद्या उत्तराने पोटात गोळा आला, तर डॉक्टरशी बोला. दोघांची तपासणी निगेटिव्ह, दोघं एकमेकांपुरतीच, तर गोळी नको, मीही विकणार नाही. आणि ‘नवरा मुंबईला आहे’ एवढ्यावरून कुणी निष्कर्ष काढू नये. त्याची तपासणी मात्र मागावी. मागायला लाजेल अशा बाईने स्वतःची करून घ्यावी, तिथे नवऱ्याची सही लागत नाही.

‘नाव लागतं’ हे धादांत खोटं. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल उघड करता येत नाही. आता छोट्या गावात शिपायाची मावशी आपल्याच वाडीतली निघते, हेही खरं. तेवढीच धास्ती असेल तर शेजारच्या तालुक्यात जा. आयसीटीसी ग्रामीण रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत असतात, तपासणी आणि समुपदेशन फुकट. १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, तिथे माणूस बोलतो.

गोळी मिळण्याचं गणित थोडं खटपटीचं आहे, तेही सांगतो. ‘नाको’ या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची प्रेपबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण सरकारी खिडकीवर ती सगळीकडे फुकट मिळते असं समजून निघू नका. आधी समुपदेशकाला विचारा. बाहेर ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी आहे, जगभर जाते. माझ्याकडे कपाटात पडून नसते, मागवायला दोन-तीन दिवस लागतात. दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी करायची आणि मगच पुढची चिठ्ठी, म्हणून कुणी ‘वर्षभराची देऊन टाक’ म्हणालं तर देणार नाही. वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनची बातमीही ग्रुपवर फिरतेय. लेनाकापाविर नावाचं ते औषध खरंच आहे, अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजूर झालं. ती लस नव्हे, आणि माझ्या काउंटरवर अजून आलेलं नाही.

ट्रॉलरवर जाणाऱ्यांनी फेरीच्या दिवसांपेक्षा चार गोळ्या जास्त न्याव्यात, वारा फिरला की बंदर कधी लागेल ते कुणाच्या हातात नसतं. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. आपल्या पावसात कागदाच्या पुडीत बांधलेल्या गोळ्या टिकत नाहीत. बाटलीवरचं लेबल खरवडून दे, असं एकदोघांनी मागितलं. ते मी करत नाही, समुद्रात तुम्ही बेशुद्ध पडलात तर काय घेत होता ते कुणाला तरी कळायला हवं. बाटली कशात गुंडाळून द्यायची ते माझ्यावर सोडा. ओआरएसच्या चार पुड्यांखाली ती कुणाला दिसत नाही.