भिंतीच्या आतले पैसे

न्यू जर्सीत घर घेतलं की त्याच्या पोटात आणखी एक आख्खं घर फुकट मिळालंय, असं आपल्या लोकांना सुरुवातीला वाटतं. इथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि फुगते, त्यामुळे पाया तीनेक फूट तरी खाली न्यावाच लागतो. एवढं खणतोच आहोत तर अजून थोडं खणून बेसमेंटच काढू, असा बांधणाऱ्याचा सरळ हिशेब. आपल्या वाट्याला येतात उघड्या काँक्रीटच्या भिंती, डोक्यावरून गेलेले पाइप, घरभर गरम हवा सोडणारी फर्नेस, आणि भारतातून भरून आणलेल्या, आता रिकाम्या, बॅगांचा ढीग.

मग कुणाकडे तरी दिवाळीची पार्टी होते. जिना उतरतो तर खाली मऊ कार्पेट, कराओके, गणपतीच्या मखरासाठी मुद्दाम केलेला कोनाडा. परतताना गाडीत नवरा गप्प. तो गप्प बसला की खर्च निघतो, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सांगावं लागत नाही.

आमचं बेसमेंट तसं करून द्यायला कंत्राटदाराने 60 हजार डॉलर सांगितले. नवऱ्याने यूट्यूब बघून 15 हजार सांगितले. मी वही काढली, पहिल्या पानावर 15,000 लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि कोनाडा, कार्पेट, मंद दिवे अशी यादी केली. यादीतली एकही गोष्ट पुढचे कित्येक महिने आमच्या घरात आली नाही.

त्याच सुमाराला सासूसासरे सहा महिन्यांसाठी आले. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्य धरणाच्या भिंतीतून झिरपणारं पाणी मोजण्यात गेलं. बेसमेंटमध्ये उतरले, हातातला चहा न पिता जमिनीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी येणार."

"अप्पा, कोरडं आहे हो सगळं."

"आज आहे."

त्यांनी प्लास्टिकचा चौकोनी तुकडा मागितला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून जमिनीवर बसवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या अंगाला बारीक थेंब. काँक्रीट जमिनीतली ओल शोषून वर सोडतं, वर कार्पेट टाकलं की बुरशी ठरलेली. नवऱ्याच्या यूट्यूबवाल्यानेही हेच सांगितलं होतं म्हणे, पण तो भाग नवऱ्याने पुढे ढकलला होता. कार्पेट वहीतून गेलं आणि त्या जागी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून बादलीत साठवणारं यंत्र, आला. त्याची बादली अप्पा रोज सकाळी मोजायचे, "आज साडेतीन लिटर" असं तारखेसह लिहायचे आणि पाणी बाहेरच्या गुलाबांना घालायचे.

कोपऱ्यातल्या खड्ड्यातला सम्प पंपही अप्पांनी तपासला. पाणी चढलं की आतला फ्लोट वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. "आणि वीज गेली तर?" अप्पांनी विचारलं. वादळातच पाणी येतं आणि वादळातच वीज जाते. 2021 च्या सप्टेंबरात आयडा वादळाचा पाऊस इथे कोसळला, त्यानंतर गल्लोगल्ली भिजलेल्या कार्पेटच्या गुंडाळ्या फुटपाथवर पडलेल्या आम्ही पाहिल्या होत्या. बॅटरीवरचा दुसरा पंप घेतला. वहीत लिहिला. तोही झाकणाखाली गेला.

मग रेडॉन. जमिनीतून येणारा, वास नसलेला, रंग नसलेला, किरणोत्सर्गी वायू. आकडा लिटरभर हवेमागे 4 पिकोक्युरींवर (हे किरणोत्सर्गाचं माप) गेला तर छपरापर्यंत नळी नेऊन पंख्याने तो बाहेर काढावा लागतो. खिडक्या बंद ठेवून चाचणीचा डबा मांडला तर सासूबाई रोज विचारायच्या, "त्या डब्यात काय मुरत घातलंय?" आकडा 4 च्या आत आला. पैसे न मागणारी ती या कामातली एकमेव गोष्ट, म्हणून संध्याकाळी शिरा केला.

लाकूड आलं त्या दिवशी मात्र अप्पांमधला ओव्हरसियर जागा झाला. नवरा 'टू बाय फोर'च्या पट्ट्या उतरवून घेत होता. अप्पांनी खिशातून टेप काढली. पहिली पट्टी मोजली. दुसरी मोजली. चष्मा पुसून तिसरी मोजली.

"हे दोन बाय चार?"

"हो."

"दीड बाय साडेतीन आहे. दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच खाल्लाय."

लाकूड ओलं कापतात तेव्हाचं ते माप, वाळून आणि रंधून ते एवढंच उरतं, सगळ्या देशात असंच विकतात, असं नवऱ्याने समजावलं. अप्पा म्हणाले, "सगळ्या देशात? आमच्याकडे एका तालुक्यात एवढं खाल्लं असतं तर चौकशी बसली असती."

त्या खाल्लेल्या इंचांचे सांगाडे भिंतीला लागून उभे राहिले, दर 16 इंचांवर एक, म्हणजे ड्रायवॉलच्या (कागदात बंद केलेल्या जिप्समच्या) चार फुटी तक्त्याची कड बरोबर लाकडाच्या मध्यावर येते. काँक्रीटला टेकणारी खालची पट्टी औषध मारलेल्या लाकडाचीच हवी, नाहीतर कुजते, ती महाग. भिंतीमागे फोमचे तक्ते. ते त्याहून महाग. परवानाधारक इलेक्ट्रिशियन, त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक भिंतीवर दर बारा फुटांच्या आत एक प्लग पाहिजे म्हणे. आमचा चाळीतला जन्म एका प्लगवर इस्त्री, रेडिओ आणि मिक्सर आलटून पालटून चालवण्यात गेला.

यातलं काहीही झाकायच्या आधी गावाचा इन्स्पेक्टर येऊन बघणार. सज्जन माणूस. टॉर्च मारत फिरला, सांगाडा आणि छताच्या मधल्या फटी दाखवल्या आणि त्या बुजवायला सांगून गेला. आग लागली तर त्या फटींतून वर चढते. अप्पा त्याच्या मागे मागे हात पाठीशी बांधून फिरले. भाषेची अडचण दोघांनाही आली नाही. दोघेही थांबायचे, वर बघायचे, आणि नवऱ्याकडे वळून नकारार्थी मान हलवायचे.

आईअप्पांसाठी खाली झोपायची खोली करायची, हा बेतही इन्स्पेक्टरनेच मोडला. झोपायची खोली म्हणायची तर आगीत माणूस बाहेर पडू शकेल एवढी उघडणारी खिडकी हवी. त्यासाठी बाहेरून खणून भिंत कापायची. तो खर्च ऐकून खोलीचं नकाशावर 'ऑफिस' झालं. "निवृत्तीनंतर पुन्हा ऑफिस," अप्पा म्हणाले आणि वरच्या खोलीत झोपायला गेले.

ड्रायवॉलबद्दल थोडक्यात सांगते. एकेक तक्ता पन्नासेक पौंडांचा, आमच्या जिन्याला मध्येच वळण, आणि नवऱ्याचे मित्र ऐन शनिवारी आजारी. सांध्यांवर पट्टी, तिच्यावर पुट्टीचे तीन हात, प्रत्येक हात वाळला की घासायचा. ती पांढरी धूळ फर्नेसच्या वाटेने घरभर गेली. पिठाच्या गिरणीत संसार मांडल्यासारखे आम्ही काही आठवडे राहिलो. देवांना सासूबाई दोनदा पुसायच्या.

भिंत उभी राहिल्यावर अप्पांनी बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला. दोन फूट सरकून पुन्हा टकटक. "एवढे पैसे घालून," ते म्हणाले, "पुठ्ठा?"

वही तोवर 23 हजारांवर गेली होती आणि दुहेरी रेघ कुठल्या पानावर राहिली ते मी बघत नव्हते. मंद दिव्यांऐवजी साधे दिवे, जुन्या बांधकाम सामानाच्या दुकानातून कपाट, कोनाडा रद्द.

गृहप्रवेशाला जमलेल्या मंडळींनी सगळं पाहिलं. रंग जरा फिका झाला का, एकीने विचारलं. मधला लोखंडी खांब काढता नाही का आला, हे प्रत्येकाने विचारलं. त्याच्यावर आख्खं घर उभं आहे हे प्रत्येकाला सांगावं लागलं. शेवटी मुलाने परस्पर सांगायला सुरुवात केली की त्यातून नरसिंह येणार आहे, आणि ते लोकांना जास्त पटलं. फोम, फटी, दुसरा पंप, औषध मारलेली पट्टी, यांची चौकशी एकानेही केली नाही. मी दोघातिघांना आपणहून सांगून पाहिलं. ते कचोरी आणायला वर गेले.

पुढे काही महिन्यांनी गावाच्या करखात्याचं पत्र आलं. बेसमेंट पूर्ण झाल्याने घराची किंमत वाढली आहे, तेव्हा मालमत्ता करही वाढेल. नवऱ्याने ते टेबलावर उपडं ठेवलं. मी व्हिडिओ कॉलवर ते सांगलीला परतलेल्या अप्पांना वाचून दाखवलं.

"अपील करता येतं का?" अप्पांनी विचारलं.

येतं म्हटल्यावर त्यांनी कागद घेतला. प्रत्येक पट्टीमागे दोन्हीकडून अर्धा इंच कमी भरलाय, सबब कर त्या प्रमाणात कमी करावा, असा मसुदा तयार होतोय. एकूण पट्ट्या किती लागल्या, ते मला जिना उतरून मोजून कळवायचंय. भिंतीच्या आत आहेत म्हटलं, तर म्हणाले, टकटक कर.